लेसची दोन टोकं

धाकटीनं आधी बूट ओळखला आणि मग माणूस. हे काही बरं लक्षण नव्हे, हे तिचं तिलाही कळत होतं. पण व्यवसायोपचाराच्या शिक्षणाला लागल्यापासून माणसं तिला अशी तुकड्यातुकड्यांनीच दिसायची. बसमध्ये समोर कुणी येऊन बसलं की आधी बोटांची पकड, मग मनगट, मग खांदा, आणि चेहऱ्यापर्यंत नजर पोचेपोचेतो त्या माणसाचा उतरायचा थांबा आलेला असायचा. आताही संध्याकाळच्या गर्दीत बस सिग्नलला अडकली होती, ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायच्या बेतात होती, आणि रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बाकाच्या पुढे आलेला एक तपकिरी बूट तिला दिसला. उजव्या पायातला. नाक घासून घासून पांढरं पडलेलं. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला माणूस पाय उचलतो, पण पंजा पुरता उचलला जात नाही, त्यामुळे बुटाचं नाक असं झिजतं. आणि हे झिजलेलं नाक तिच्या ओळखीचं होतं. गेला सबंध उन्हाळा तिनं त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून काढला होता. ते पीटी सरच होते. शाळेत मुलांना खेळ शिकवून निवृत्त झालेले. ती शिकत होती त्या इस्पितळातल्या विभागात झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना पीटी सरच म्हणायचे. सर बाकावर आरामात रेलले होते, पाय पुढे केला होता, आणि खांद्याला ऑफिसची बॅग लावलेली एक बाई फुटपाथवर गुडघा टेकून त्यांच्या बुटाची लेस बांधत होती. सर काहीतरी सांगत होते. बाई हसत होती. सिग्नल सुटला, बस हलली, आणि धाकटीची झोप उडाली.

आता यात झोप उडण्यासारखं काय होतं? एका म्हाताऱ्या माणसाची लेस सुटली, येणाऱ्याजाणाऱ्यानं बांधून दिली. जग तेवढं वाईट नाही, असं म्हणून दुसऱ्या कुणी डोळे मिटले असते. पण उद्या सकाळी धाकटीला विभागात शेवटच्या वर्षाची केस मांडायची होती, आणि ती केस म्हणजे हेच पीटी सर. पडद्यावरचा शेवटचा फोटो याच बुटाचा होता, एका हातानं बांधलेल्या लेसचा. त्याखाली तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पूर्ण स्वावलंबी’. ते दोन शब्द लिहिताना तिला जो आनंद झाला होता तो कुठल्याही परीक्षेच्या निकालानं झाला नव्हता. कारण पीटी सरांनी तिला सहजासहजी काही दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं चिकटपट्टीच्या बुटांचा पर्याय सुचवला, तेव्हा सरांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू तिनं त्यांना झबलं घालायला सांगितलं. “चिकटपट्टीचे बूट बालवाडीतली पोरं घालतात,” सर म्हणाले होते. “मी आयुष्यभर लेसचे बूट घालून मैदानात उतरलोय. शिकवायचं तर लेस शिकव, नाहीतर राहू दे.” मग तिनं लेस शिकवली. एका टोकाला गाठ मारायची, ती सगळ्यात खालच्या भोकात अडकवायची, लेस नागमोडी वर न्यायची आणि उरलेलं टोक वरच्या पट्टीखाली खुपसायचं. बुटाला एकच टोक उरतं, आणि एक टोक एका हाताला पुरतं. सर चिडायचे, बूट भिरकावायचे, मग स्वतःच उठून, काठी टेकत, तो घेऊन यायचे. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढून विभागात जोरात वाजवली होती. शेजारच्या खोलीतला एक पेशंट दचकून खुर्चीवरून पडता पडता राहिला.

पुढच्या थांब्यावर धाकटी उतरली. का उतरली ते तिलाही सांगता आलं नसतं. मागे चालत जाताना ती स्वतःशीच कारणं मांडत होती, सरांना घाई असेल, हात दुखावला असेल, पुन्हा झटका तर आला नसेल? हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. दुकानांचे दिवे लागत होते. एक माणूस शटरला काठी अडकवून ते खाली ओढत होता. दोन्ही हातांची पकड, कमरेतून वाकणं, गुडघे सरळ, असंच करत राहिला तर पन्नाशीत पाठ धरणार. रस्त्यावरच्या सगळ्यांचे असे तुकडे पाडायची ही खोड तिला विभागात लागली होती. तिथे पहिल्या वर्षी त्यांना चहा करण्याचे तुकडे पाडायला सांगितलं होतं. चहा करणे, बस्स. कागद भरून गेला तरी पातेलं गॅसवर चढलं नव्हतं. तेव्हा तिला आश्चर्य वाटलं होतं की जगातली एवढी माणसं रोज चहा पितात तरी कशी.

तो विभागच मुळी गमतीचा होता. एका भिंतीवर ओळीनं वेगवेगळ्या तऱ्हेचे नळ बसवलेले, एकातूनही पाणी यायचं नाही. एका फळीवर कड्या, कोयंडे, कुलपं, दाराच्या मुठी; फळीमागे दार नाही. कोपऱ्यात तीन पायऱ्यांचा जिना, चढून गेलं की भिंत. एक बिछाना, ज्यावर कुणी झोपत नसे, फक्त झोपायला आणि उठायला शिकत. आणि एक खरं स्वयंपाकघर, जिथे उलटे खिळे ठोकलेल्या पाटावर बटाटा टोचून एका हातानं सोलायचा. पहिल्या वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांचा उजवा हात एक दिवस झोळीत बांधून टाकला होता. धाकटीनं त्या दिवशी अंडं फोडताना बोटात कवच घुसवून घेतलं होतं आणि केस विंचरता आले नाहीत म्हणून तशीच घरी गेली होती. ‘व्यवसायोपचार’ हे नाव ऐकून नातेवाइकांना हे शिक्षण नक्की कशाचं आहे ते कधीच उमगलं नाही. मावशी तर दर भेटीत म्हणायची, “तू लोकांना व्यवसाय लावून देतेस ना? मग आमच्या दिरांचं बघ की काहीतरी. नुसते घरात बसून असतात.” बाबांना तेवढं नेमकं कळलं होतं. ते चष्म्याच्या दुकानात काम करत, मुंगीएवढे स्क्रू बसवत, काचा घासत. ते म्हणाले होते, “म्हणजे माणसाला दुरुस्त नाही करायचं, त्याचा चष्मा दुरुस्त करायचा. बरोबर?” तिनं वर्गात हे सांगितलं तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या होत्या, आणि मॅडमनी हसणं म्हणजे आठवणीत ठेवावी अशी गोष्ट.

मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, “हात मागे.” पेशंट समोर धडपडत असेल तेव्हा आपले हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. “तुमचे हात चांगले आहेत हाच तुमचा दोष आहे. बटण लावायला तुम्हाला क्षण लागतो, त्याला अख्खी सकाळ. पण तुम्ही लावून दिलंत की ते बटण तुमचं होतं, त्याचं राहत नाही.” धाकटीला हे पटलं होतं, नुसतं डोक्याला नाही, आतवर पटलं होतं. कारण तिनं एकदा ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एक बेकरीवाला होता, दोन्ही हात भाजून बोटं आखडलेला. तो बरणीचं झाकण उघडत होता आणि मॅडम हात मागे बांधून उभ्या होत्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली, कुणी जागचं हललं नाही. बेकरीवाल्याच्या कपाळावरून घाम गळत होता, मागे त्याची बायको तोंडावर हात दाबून रडत होती. झाकण फिरलं तेव्हा त्यानं बरणी डोक्यावर धरली आणि सगळ्यांकडे पाहिलं. ते पाहणं धाकटी विसरली नाही. त्या दिवसापासून हात मागे घेणं तिच्या जणू अंगवळणीच पडलं, दुकानात, बसमध्ये, मैत्रिणीच्या घरी आणि स्वतःच्या घरी तर फारच.

थांबा आला. ती बाई निघून गेली होती. सर तिथेच बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून, येणाऱ्या बसचे आकडे वाचत. त्यांना कुठेही जायचं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं. धाकटी पेपरच्या स्टॉलआड उभी राहिली आणि तिनं बूट नीट पाहिला. मघाशी बसमधून न दिसलेली गोष्ट आता तिला दिसली. लेस नुसती सुटलेली नव्हती. लेस बदललेली होती. चारचौघांच्या बुटांसारखी फुलीफुलीत ओवलेली, आणि वर दोन फासांची छानशी गाठ. म्हणजे बुटाला पुन्हा दोन टोकं आली होती. दुसऱ्या कुणाला हे दिसलंही नसतं. पण एका हाताच्या माणसाच्या बुटाला दोन टोकं म्हणजे काय, ते धाकटीला कळत होतं. सरांनी तिची लेस काढून टाकली होती आणि त्यांना कधीच बांधता येणार नाही अशी मुद्दाम ओवून घेतली होती. राग आला तिला. गाल तापले. सबंध उन्हाळा!

“अगं, तू!” सरांनीच तिला पाहिलं. “पेपर काय वाचतेस तिथे उभी राहून, ये, बस.” आणि बोलता बोलता त्यांनी उजवा पाय हलकेच बाकाखाली घेतला. चांगल्या पायानं ढकलून घ्यावा लागला, त्यामुळे लपला नाही.

“सर, लेस सुटली होती का?”

“हो ना. आज जरा घाई झाली निघताना.”

“कुठे निघालात?”

“हे आपलं इथेच.”

“सर,” धाकटी म्हणाली, “तुमच्या बुटाला दोन टोकं आहेत.”

सरांनी वाकून बुटाकडे असं पाहिलं, जणू हा कुणाचा बूट. मग ते खो खो हसले. हसताना त्यांचं तोंड अजून एका बाजूला थोडं मागे राहायचं. “रेफरी व्हायला हवी होतीस तू. कुणाच्या बापाला फाऊल करू दिला नसतास.”

“कुणी ओवली?”

“आमच्या लिफ्टवाल्यानं. चांगला आहे बिचारा.”

“पण का, सर? तुम्हाला येत होतं ना? आणखी सोपं करून हवं होतं का? मला सांगायचं, मी काहीतरी...”

“येतं ना! कोण म्हणतं येत नाही?” सर एकदम भडकले, विभागात भडकायचे तसे. “डोळे मिटून बांधून दाखवतो. पैज लाव.” एक बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली. सर बसकडे बघत म्हणाले, “घरी गेलो आणि सगळं एकट्यानं करायला लागलो. शर्ट, मोजे, बूट, अंडं. छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! मुलाला फोनवर सांगितलं, तोही म्हणाला, आता काळजी मिटली बाबा. आणि खरंच मिटली त्याची. तो काळजीनं रोज फोन करायचा, तो आठवड्यानं करायला लागला. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. कुणाला हाक मारायचं कामच उरलं नाही. मग एकदा सकाळी चुकून कुणाचा तरी फोन आला. मी हॅलो म्हणायला गेलो आणि आवाजच फुटेना. म्हटलं, झालं, पुन्हा झटका! तोंड हलवून बघितलं, जीभ हलवून बघितली, सगळं ठीक. मग लक्षात आलं, आवाज वापरला नव्हता म्हणून गंजला होता.”

धाकटीचे हात पाठीमागे एकमेकांत अडकलेले होते आणि ते केव्हा मागे गेले तिला कळलं नव्हतं.

“लेस बांधायला बसलेल्या माणसाला काहीतरी बोलावंच लागतं,” सर म्हणाले. “नुसतंच बांधून गेला असं अजून कुणी भेटलं नाही. ही आत्ताची बाई, तिचा खांदा दुखतो. बॅग एकाच खांद्याला लावते ना. मी तिला व्यायाम सांगितला दोन हातांचा. म्हणजे मी एकाच हातानं करून दाखवला, दुसरा तिनं समजून घेतला.”

“आणि कुणी थांबलंच नाही तर? पाऊस असला, रस्ता रिकामा असला? लेस पायात आली तर पडाल, सर.” हे बोलताना तिला जाणवलं की हा प्रश्न ती नाही, तिचं शिक्षण विचारतंय, पण प्रश्न खोटा नव्हता.

सरांनी डाव्या हातानं खिसा चाचपला. शिट्टी निघाली, रुमाल निघाला, आणि त्यामागून एक घडी घातलेली लेस. एका टोकाला गाठ. ती गाठ धाकटीनंच मारलेली होती. “ही आहे की. तुझी लेस खिशात नसती तर त्या लिफ्टवाल्याला ओवायला सांगायची माझी हिंमत झाली नसती.” त्यांनी ती पुन्हा नीट ठेवली. “हे तुझ्या मॅडमना सांगू नकोस हं. नापास करतील.”

“कुणाला? तुम्हाला की मला?”

“दोघांनाही. फार कडक बाई आहे ती.”

तिला हसू आलं आणि राग गेला. जाताना तिनं सरांना विचारलं, घरापर्यंत सोडू का, आणि सर म्हणाले, सोड की. मग ते दोघं सरांच्या चालीनं, बुटाचं नाक फरशीवर घासत, अगदी सावकाश त्यांच्या इमारतीपर्यंत गेले आणि सरांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला हाक मारली.

पुढे घराच्या दिशेनं एकटी चालताना मात्र धाकटीच्या मनातून सर निघून गेले आणि त्यांच्या जागी आई आली. आई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दोन्ही हातांनी स्वतःचीच कोपरं धरून उभी. हे चित्र ती कितीतरी दिवस पाहत होती आणि तिला ते आवडायचं. आई शिकली, असं तिला वाटायचं. बाबांचा कंपवात वाढला, दुकान सुटलं, तेव्हापासून सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं आई लावून द्यायची. बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडून काही घालायचे नाहीत. गिऱ्हाईकासमोर मनगट उघडं टाकून उभं राहायचं नाही, अशी दुकानातली शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि रविवारी दुकानात जुन्या मालकांकडे बुद्धिबळ खेळायला जायचे तेही कफ लावूनच. आई आरशापुढे त्यांना उभं करायची आणि वरून खाली एकेक बटण लावत यायची. बटणं लागेपर्यंत बाबांना हलता यायचं नाही, हे आईला पक्कं ठाऊक. त्यामुळे घरातल्या यच्चयावत तक्रारी ती त्याच वेळी मांडायची. नळ गळतोय, थोरलीचा फोन नाही, तुमच्या बहिणीनं मला काय ऐकवलं. “बोलून घे, बोलून घे,” बाबा म्हणायचे, “शेवटचं बटण आलं.” मग आई मुद्दाम कफचं बटण एकदा लावून सोडायची आणि पुन्हा लावायची. लहानपणापासून नव्हे, गेल्या दोनतीन वर्षांतलीच ही गोष्ट. पण धाकटी सकाळी अंथरुणात पडून हे ऐकायची आणि तिला वाटायचं, घर सुरू झालं.

आणि मग एके सकाळी ती उठून बाहेर आली होती आणि म्हणाली होती, “आई, हात मागे.” बाबांसाठी तिनं विभागातून बटण ओढायचा तारेचा हूक आणला, मुठीला जाड रबर गुंडाळून. वापरायचा कसा ते दाखवलं. आईला समजावलं की तू त्यांना मदत करत नाहीस, अपंग करतेस. हाच शब्द वापरला होता तिनं. आई म्हणाली होती, “बरं बाई. मला काय कळतं, तू शिकतेयस.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आज चालताना एवढं टोचलं नसतं. बाबांना जमलं, हळूहळू जमलं. हुकानं पुढची बटणं लागायची, कफ मात्र राहायचे. तासभर झुंजून ते थकायचे. मग एक दिवस ते बिनबटणांचा टीशर्ट घालून बसले आणि धाकटीनं पाठ थोपटली. कृती सोपी करून घेणं हीसुद्धा प्रगतीच, असं पुस्तकात होतं. रविवार आला, बाबा म्हणाले, “आज नको, कंटाळा आलाय.” पुढच्या रविवारी म्हणाले, “बघू.” मालकांचा फोन आला तर आईला म्हणाले, “झोपलोय म्हणून सांग.” धाकटीनं आजार पुढे सरकतोय असा निष्कर्ष काढला होता. डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती. टीशर्टाला कफ नसतो आणि कफ नसला की बाबांना दुकान नसतं, एवढी साधी गोष्ट तिच्या तुकड्यांमध्ये कुठेच आली नव्हती. चहाचे इतके तुकडे पाडले आणि तो कुणाबरोबर प्यायचा हा तुकडा राहून गेला.

घरात गेली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. आई आत होती. दोघांच्या मध्ये अख्खी खोली होती आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता. “काय मास्तरीणबाई, उशीर?” बाबांनी विचारलं. ती शिकवायला लागल्यापासून त्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिला म्हणायचं होतं, बाबा, चुकलं माझं. पण हे वाक्य घरात बोलायची कुणालाच सवय नव्हती. आणि बोललं तरी बाबा म्हणाले असते, अगं छे, आणि आई म्हणाली असती, जेवायला वाढू का. जेवताना ती म्हणाली, “आई, उद्यापासून तू लाव ना बाबांची बटणं. पूर्वीसारखी.” आईनं वाटी खाली ठेवली. बाबा म्हणाले, “नको. आता सवय झाली.” आई म्हणाली, “राहू दे. त्यांचं ते करतात.” अगदी शांतपणे म्हणाले दोघं, एकमेकांकडे न बघता. धाकटीला भीती वाटली. काढून घेतलेली गोष्ट परत देता येईल असं ती वाटभर गृहीत धरून आली होती. जेवण झाल्यावर तिनं उद्याची केस उघडली, बुटाच्या फोटोखालचे दोन शब्द खोडले आणि दुसरं काय लिहावं ते सुचेना म्हणून ती जागा तशीच कोरी ठेवली. मॅडम विचारणारच. विचारल्यावर काय ते सांगू, लेसपासून सगळं सांगू, असं तिनं ठरवलं.

सकाळी तिनं पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. केस मांडताना तसाच घालायचा असा विभागाचा नियम होता आणि उशिरा येणाऱ्याला मॅडम दाराबाहेर उभं करायच्या. डावा कफ तिनं लावला. उजव्या कफाचं बटण बोटांत धरलं आणि ती थांबली. बाबा आरशाशेजारी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

“बाबा, एवढं लावा ना.”

“मी?” बाबांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. “का गं? हाताला काय झालं?”

“काही नाही झालं.”

“मग?”

“मग काय. लावा.”

बाबांनी कप ठेवला. सांडला थोडा. त्यांनी बटण धरलं, निसटलं. पुन्हा धरलं. त्यांची बोटं तिच्या मनगटावर गार लागत होती. चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू बसवणारी बोटं. थरथर कमी होते, हालचाल मंद आहे, चिमटीत जोर नाही, असं धाकटीच्या मनात सुरू झालं आणि आपोआप बंद पडलं. कारण तिला हात मागे घ्यायची सोयच नव्हती. हात बाबांच्या हातात होता. बटण काजापर्यंत गेलं आणि बाजूला घसरलं. “तुला उशीर होईल,” बाबा म्हणाले. “होऊ दे,” ती म्हणाली. बाबांनी ओठ दाबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला माहीत होता तो चेहरा, दुकानात अवघड चष्मा आला की व्हायचा, आणि कितीतरी दिवसांत तिनं तो पाहिला नव्हता.

आई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. कोपरं धरून. कफ हलत होता, एका बाजूनं कुणीतरी धरला असता तर बटण गेलं असतं, हे कुणालाही दिसत होतं. आईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं या वेळी ‘हात मागे’ म्हटलं नाही. आईचे हात सुटले, तिनं ते कमरेला पुसले, पुढे आली आणि दोन बोटांनी काजाची कड ताणून धरली.

“त्या नळवाल्याला काल पुन्हा फोन केला,” आई म्हणाली. “येतो म्हणाला आणि आला नाही.”

“दुसरा बघ मग,” बाबा बटणावरची नजर न काढता म्हणाले.

“दुसरा बघ म्हणे! दुसरा काय मी खिशात घेऊन फिरते? आणि थोरलीनं फोन उचलला नाही. आणि रविवारी तुम्ही दुकानात जाणार आहात की नाही ते एकदा सांगून टाका, निळा शर्ट इस्त्रीला द्यायचाय. मालक किती वेळा विचारणार? मला दर वेळी खोटं बोलायला लावता.”

“बोलून घे, बोलून घे,” बाबा म्हणाले.

खाली रस्त्यावरून तिची बस गेली. तिचा आवाज धाकटीला ओळखीचा होता. मॅडम आता घड्याळाकडे बघत असतील. धाकटीचा खांदा भरून आला होता आणि डोळेही, आणि ते पुसायला दुसरा हात तिनं उचलला.

“हलू नकोस गं,” आई म्हणाली. “बटण लागतंय त्यांचं.”